नाडी, स्लीव्ह आणि होजिअरी : चांदीपुरा विषाणू हाताने बांधण्याची कृती

१९६५ साली नागपूर परिसरात तापाची मोठी साथ होती. डेंग्यू आणि चिकुनगुन्या दोन्ही फिरत होते. त्या गर्दीत चांदीपुरा गावातल्या दोन तापकऱ्यांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला तिसराच एक विषाणू सापडला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि गावाचं नाव विषाणूला कायमचं चिकटलं. १९५२ साली सुरू झालेलं ते केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. पुढे कित्येक वर्षं या विषाणूकडे फारसं कोणी पाहिलं नाही. २००३च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मात्र आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात मुलांना मेंदूज्वर होऊ लागला. एकट्या आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ दगावली. २०२४च्या पावसाळ्यात गुजरातेत तो पुन्हा उसळला. वाळूमाशी त्याला माणसापर्यंत आणते. त्यावर नेमकं औषध नाही, लसही नाही.

शाळेच्या पुस्तकात विषाणूचं चित्र असतं, म्हणजे तयार झालेल्या वस्तूचं चित्र. ती वस्तू कशी जुळते, हे चित्रातून कळत नाही. पेशीच्या आत कोणी कारागीर बसलेला नसतो, नकाशा वाचणाराही कोणी नसतो. आधी कोण कोणाला धरतं आणि त्यानंतर कोणाला धरता येतं, एवढ्या क्रमावर सगळं उभं असतं. हा क्रम हातांना कळावा म्हणून ही कृती आहे. आठवीपासून कॉलेजपर्यंतच्या मुलांनी पंचवीस-तीस जणांच्या गटाने करावी. यात जिवंत काहीच नाही, त्यामुळे भीतीचं कारण नाही. फक्त कटर मोठ्या माणसाच्या हातात असू द्या.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचात हे करायला एक मोठी सोय आहे. इथल्या जीन्सच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत लागणारं जवळजवळ सगळं मिळतं, उरलेलं विजेच्या दुकानात. अंबरनाथ-बदलापूरच्या शाळांनीही खरेदीला इथेच यावं.

काय आणायचं : सुमारे ४ मिलिमीटर जाडीची सुती नाडी, पंधरा मीटर, आणि चाळीस वीतभर तुकडे निघतील एवढी त्याच जाडीची दुसऱ्या रंगाची नाडी. वायरवर चढवतात ती पीव्हीसी स्लीव्ह, आतून ५ मिमी आणि बाहेरून ७ मिमी, बारा-तेरा मीटर. टूथपिकचा डबा. वेल्क्रोची फक्त हुकांची, म्हणजे खरखरीत पट्टी. डबल टेप. होजिअरीच्या कापडाचे एक मीटर लांब, एक मीटर रुंद असे दोन तुकडे. टिच बटणं, शंभर-सव्वाशे. आतून ९ मिमीच्या दोन-तीन कड्या. जाड पुठ्ठा, नारळाची एक करवंटी, झाकणाचं खोकं, जीन्सच्या शिलाईचा जाड दोरा, टेलरचा खडू. साबणाच्या प्रयोगासाठी भांडी घासायचं लिक्विड, ग्लिसरीन आणि एक मोठी बांगडी.

आरएनए मोजून घ्या

चांदीपुरा विषाणूची सगळी माहिती आरएनएच्या एकाच धाग्यात असते. त्यात अकरा हजार एकशेहून थोडी जास्त अक्षरं, म्हणजे बेस असतात. आपलं माप सोपं ठेवू : एक बेस म्हणजे एक मिलिमीटर. नाडी ११ मीटर १२ सेंटिमीटर कापा. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत ती नेऊन दाखवा आणि सांगा की या मापाने विषाणूची उंची जेमतेम वीतभर होणार आहे. सुरुवातीच्या ९ सेंटिमीटरवर खडूने एकेक मिलिमीटरची खूण करा. पुढे दर ९ मिलिमीटरवर एक खूण पुरते.

ही नाडी एकटी पेशीत टाकली तर काहीच घडणार नाही. हा उलट्या वाचनाचा आरएनए आहे. पेशीला तो थेट वाचून प्रथिनं करता येत नाहीत. वाचणारं यंत्र, म्हणजे एल-प्रथिन, विषाणूला सोबतच न्यावं लागतं. म्हणून कड्या आणल्या आहेत. त्या शेवटपर्यंत हाताशी ठेवा.

स्लीव्ह कापणे

अखंड स्लीव्हला आधी लांबीच्या दिशेने एक सरळ चीर द्या, मग तिचे ९ मिमीचे तुकडे करा. १२३५ तुकडे लागतील. संख्या ऐकून दचकू नका, तीस मुलं बसली तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस-बेचाळीस येतात. हा तुकडा म्हणजे एन-प्रथिन. एक एन बरोबर नऊ बेस धरतं, म्हणून ९ मिलिमीटर. हे माप ज्या विषाणूवर नक्की झालं तो चांदीपुराचाच भाऊबंद, गुराढोरांच्या तोंडाला फोड आणणारा व्हीएसव्ही. २००६ साली त्याच्या एन-प्रथिनाची स्फटिकरचना समोर आली तेव्हा दहा एनचं एक कडं दिसलं आणि त्यात ९० बेस बसलेले होते. एनला दोन पाळ्या असतात आणि त्यांच्यामधल्या खाचेत आरएनए बसतो. मणी ओवतात तसा आरएनए एनमधून ओवला जात नाही, एन बाजूने येऊन त्यावर मिटतं. चिरलेली स्लीव्ह निवडली ती एवढ्यासाठीच. नाडीवर दाबली की चीर उघडते आणि पुन्हा मिटते. मुलांना हे दहा-पंधरा वेळा करू द्या, घाई करू नका.

आधी चुकीचं करून पाहा

माझ्या मते या कृतीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि वेळ कमी पडला की लोक नेमका हाच गाळतात.

एका परातीत नाडीचे वीतभर लांबीचे दहा तुकडे टाका आणि त्याच जाडीच्या दुसऱ्या रंगाच्या नाडीचे चाळीस तुकडे टाका. पहिले दहा म्हणजे विषाणूचे आरएनए, बाकीचे पेशीचे स्वतःचे. एका मुलाचे डोळे बांधा आणि त्याला पाच मिनिटं मिळेल त्या नाडीवर स्लीव्ह चढवायला सांगा. मोजून पाहाल तर बहुतेक स्लीव्ह पेशीच्या नाड्यांवर गेलेल्या असतील. एन-प्रथिन एकटं असलं की त्याचं हेच होतं. प्रयोगशाळेत जिवाणूंकडून ते बनवून घेतलं तर ते जिवाणूंचेच आरएनए धरून बसतं. त्या दहाच्या कड्यातला आरएनएही जिवाणूंचाच होता.

आता प्रत्येक स्लीव्हमध्ये एक टूथपिक बसवा. टूथपिक आत असेपर्यंत नाडी शिरत नाही. हे पी-प्रथिन. नुकत्याच तयार झालेल्या एनला ते धरून ठेवतं, त्याची खाच मोकळी पडू देत नाही आणि योग्य ठिकाणी पोचल्यावरच सोडतं. सोडल्यानंतर पी पुन्हा कामाला मोकळं, म्हणून काढलेल्या टूथपिक डब्यात परत टाका. चांदीपुराच्या एन, पी आणि आरएनए यांच्या या देवघेवीवर कोलकाता विद्यापीठात ध्रुवज्योती चट्टोपाध्याय यांच्या गटाने बरीच वर्षं काम केलं आहे.

मग योग्य ठिकाण कोणतं? ज्या यंत्रातून नवा आरएनए बाहेर पडतो त्याचं तोंड. खोक्याला १ सेंटिमीटरचं भोक पाडा, अकरा मीटरची नाडी आत ठेवा आणि एक टोक भोकातून बाहेर काढा. एक जण नाडी हळूहळू ओढेल. दुसरा भोकाशीच टूथपिक काढून स्लीव्ह चढवेल, एकाला लागून एक, मध्ये फट न ठेवता. उघडी नाडी बोटभरही दिसता कामा नये. पेशीत उघडा आरएनए सापडला तर पेशीची पहारेकरी प्रथिनं त्याला ओळखतात आणि धोक्याचा इशारा देतात. म्हणून नवा धागा बनत असतानाच झाकला जातो. जोड्या बदलत राहिल्या तर हे काम तास-दीड तासात होतं.

गुंडाळी

पुठ्ठ्याची २० सेंटिमीटर लांबीची नळी करा. बाहेरचा व्यास १० सेंटिमीटर हवा. वरच्या तोंडावर करवंटी पालथी चिकटवा, म्हणजे एक टोक गोल आणि दुसरं सपाट राहील. हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो, तो आकार इथून सुरू होतो. खरा विषाणू साधारण १८० नॅनोमीटर लांब आणि ८० नॅनोमीटर रुंद असतो. आपला थोडा बुटका होईल, कारण खऱ्यातले फेरे एकमेकांपासून जरा दूर असतात.

करवंटीच्या शेंड्यापासून सुरू करा. पहिल्या फेऱ्यात दहा स्लीव्ह बसू द्या, पुढचे फेरे आपोआप मोठे होत जातील. करवंटी संपून नळी लागली की थांबा आणि एका फेऱ्यात किती स्लीव्ह बसतात ते मोजा. साडेसदतीस यायला हव्यात. व्हीएसव्हीची गुंडाळी २०१० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बारकाईने पाहिली गेली तेव्हा हाच आकडा मिळाला. अडतीसच्या वर जात असेल तर नळी किंचित जाड झाली आहे, पुठ्ठ्याचा एक थर सोडवा. सदतीसच्या खाली येत असेल तर नळीवर कागदाचा वेढा द्या. हे जुळवायला वेळ लागतो. तो द्यावा, कारण त्या अर्ध्यातच गंमत आहे. फेऱ्यात पूर्ण सदतीस किंवा अडतीस असते तर प्रत्येक एन खालच्या एनच्या बरोबर डोक्यावर आलं असतं. अर्ध्याच्या फरकाने ते खालच्या दोन एनच्या सांध्यावर येतं. गवंडी विटा रचताना सांधमोड करतो, तशीच ही सांधमोड आहे आणि बळकटीही त्याच कारणाने येते. मुलांना बोट फिरवून ती जाणवू द्या.

पूर्ण नाडी गुंडाळली की हात काढून घ्या. फेरे सैल होतील, खाली घसरतील. घसरू द्या. पेशीच्या आतल्या भागात एन चढलेला आरएनए असाच सैल वेटोळ्यांत असतो. घट्ट गुंडाळी टिकवायला आणखी कोणीतरी लागतं.

एम-प्रथिन : दोन्हीकडे धरणारं

या विषाणूतल्या पाच प्रथिनांपैकी मला सर्वांत विलक्षण वाटतं ते एम. आकाराने लहान, संख्येने सर्वांत जास्त. व्हीएसव्हीच्या एका कणात एम सुमारे अठराशे असतात. ते आतून गुंडाळीचे शेजारशेजारचे फेरे एकमेकांना जखडतं आणि बाहेरून पेशीपटलाला चिकटतं. पेशीपटलाच्या आतल्या बाजूला ऋणभाराचे मेद असतात आणि एमवर धनभाराच्या जागा असतात, त्यामुळे ही ओढ निर्माण होते. एम बिघडलेले विषाणू संशोधकांनी तपासले तेव्हा गुंडाळी सैलच राहिलेली दिसली.

वेल्क्रोच्या हुकांच्या पट्टीचे दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा. मागे डबल टेप लावा आणि प्रत्येक तुकडा उभा चिकटवा, असा की तो खालच्या आणि वरच्या अशा दोन फेऱ्यांवर येईल. हुकं बाहेर राहतील. खऱ्या विषाणूत जवळजवळ प्रत्येक एनच्या बाहेर एक एम येतं. आपल्याला दर तीन स्लीव्हमागे एक पुरेल. गोल टोकापासून सपाट टोकाकडे जा. प्रत्येक फेऱ्यानंतर नळी हलवून पाहा, पकड कशी वाढत जाते ते कळेल. दोन-तीन कड्या गुंडाळीला टूथपिकने अडकवा. हे एल आणि त्याला जागेवर धरणारं पी. खऱ्या कणात सुमारे पन्नास एल असतात. एकही आत गेलं नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही तो कण निकामी.

पटल आणि त्यावरची जी-प्रथिनं

पेशीपटल मेदाच्या दोन थरांचं असतं, म्हणून होजिअरीचे दोन तुकडे एकावर एक ठेवून कडेने शिवून घ्या. आतल्या तुकड्यावर खडूने विखुरलेल्या खुणा करा, ते ऋणभाराचे मेद.

आता नेफा. कापडाच्या मध्यापासून ३४ सेंटिमीटरवर एक आणि ३७ सेंटिमीटरवर दुसरा, असे दोन गोल नेफे आतल्या बाजूने शिवा आणि प्रत्येकात जाड दोरा ओवा. हे कॅम्पातल्या कुठल्याही शिलाई करणाऱ्या ताईंना दाखवा, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. दोऱ्याची टोकं आतल्या बाजूलाच सुटली पाहिजेत. का, ते पुढे येतं.

जी-प्रथिन पटलापाशी बनत नाही. ते आतल्या जाळीदार पटलांवर बनतं, गॉल्जीतून सजून येतं आणि मग बाहेरच्या पटलावर पोचतं. म्हणजे आरएनएची गुंडाळी एका वाटेने येते, जी दुसऱ्या वाटेने, आणि दोघांची भेट पटलापाशी होते. टिच बटणं तिघातिघांच्या घोळक्याने कापडाच्या मधल्या भागात बसवा, टोपी बाहेर आणि मागची बाजू आत. जी नेहमी तिघांच्या गटाने उभं असतं. त्याचा मोठा भाग बाहेर असतो आणि छोटी शेपटी आत, एमच्या बाजूला. जी शिवायही थोडे कण पेशीतून सुटतात, पण नव्या पेशीत त्यांना शिरता येत नाही.

सुटका

चौघांनी कापड चार कोपऱ्यांना धरून ताणावं, बटणं वर. पाचव्याने गुंडाळी खालून, करवंटीचं टोक पुढे करून, मधोमध हळू वर न्यावी. कापड हुकांना लागलं की चिकटायला लागेल. इथे घाई अजिबात नको. एका मुलाने तळहाताने कापड वरून खाली दाबत न्यावं, म्हणजे एम एकेक करून पटल पकडत जाईल. कणाला बाहेर ढकलणारी शक्ती कुठून येते, याचं बरंचसं उत्तर या पकडीत आहे. प्रत्येक नवी पकड पटलाला आणखी थोडं वाकवते.

गुंडाळी पूर्ण वर आली की खाली कापडाची मान उरते. पहिला दोरा ओढा, मान आवळली जाईल. मग दुसरा ओढा. दोन्हींना गाठ मारा आणि मधल्या पट्टीत कापा. विषाणू हातात येईल आणि मागे उरलेलं कापडही बंदच असेल. दोन नेफे हवेत ते याचसाठी. दोन्ही बाजू बंद झाल्या नाहीत तर एकीकडे विषाणू फुटेल, दुसरीकडे पेशी. आणि दोरे आतून ओढायचे, कारण मान कापणारं काम आतल्या बाजूने होतं. व्हीएसव्हीच्या एममध्ये तीन प्रोलीन आणि एक टायरोसीन असा चार अमिनो आम्लांचा छोटा तुकडा असतो. तो पेशीच्या एका प्रथिनाला हाक मारतो आणि त्याच्या मागून पेशीची स्वतःची पटल कापणारी यंत्रणा येते. पेशीला ती तिच्या नेहमीच्या घरकामासाठी लागते. विषाणू ती आयती वापरतो.

कापडाला चुण्या पडलेल्या दिसतील. खऱ्या पटलाला पडत नाहीत, कारण मेद वाहते असतात. ती बाजू साबणाने दाखवा. एक लिटर पाण्यात शंभर मिली लिक्विड आणि वीस मिली ग्लिसरीन आदल्या रात्री मिसळून ठेवा. बांगडी बुडवून काढली की तिच्यात पडदा तयार होतो. हळू फुंका. पडदा फुगेल, मान बारीक होईल, फुगा सुटेल आणि पडदा बांगडीत तसाच राहील. पुढची फुंकर पुन्हा मारता येते. एका पेशीतून असे कित्येक कण सुटतात तरी ती लगेच का फुटत नाही, हे मुलांना इथे दिसतं. एक फरक मात्र सांगायलाच हवा. साबणाची मान ताणाने आपोआप तुटते. पेशीपटलाची तशी तुटत नाही, तिला ती यंत्रणा लागते.

उसवणे

मॉडेल कपाटात ठेवायच्या आधी ते एकदा उसवा. बांधण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे. नव्या पेशीत शिरताना विषाणू एका पिशवीतून आत ओढला जातो आणि तिथलं आम्ल वाढतं. जी आपला आकार बदलतं, विषाणूचं पटल पिशवीच्या पटलात मिसळतं. दोऱ्याची गाठ सोडा, कापड उलगडा. आम्लाने एमची पकडही सुटते, म्हणून वेल्क्रोचे तुकडे काढा. फेरे पुन्हा सैल होतील. इथे मुलं हौसेने स्लीव्हही काढायला लागतात, त्यांना थांबवा. एन सुटत नाही. अडकवलेली कडी मोकळी करा आणि स्लीव्ह चढलेल्या नाडीवरूनच एका टोकापासून सरकवत न्या. एल असंच वाचत जातं. त्याच्यापुरतं एन किंचित उघडतं, नऊ-नऊ बेस वाचू देतं आणि मागे पुन्हा मिटतं. कडी अकरा मीटरच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत एकही स्लीव्ह खाली पडता कामा नये. पडलीच तर तिथली चीर जास्त रुंद झालेली असते, तेवढा तुकडा बदलून घ्या.